नवं कॉम्पॅक्ट पिस्तूल, ढिला स्क्रू आणि स्पर्धेआधीचे तीन आठवडे

नव्या एअर पिस्तुलाची पेटी घरी आली की मुलगी ते हातात धरून आरशासमोर उभी राहते. बाबा मात्र पेटीतली छोटी पिशवी, म्हणजे अॅलन कीज, दोन-चार ओ-रिंग (रबरी कड्या) आणि चोपडी, पुन्हा पेटीत कोंबून पेटी माळ्यावर टाकतात. तयारीचं पहिलं काम इथेच: ती पिशवी खाली काढा. पुढचे तीन आठवडे पिस्तुलाइतकीच ती लागणार आहे.

ज्यांचा हात लहान आहे किंवा मनगट अजून भरलेलं नाही, त्यांच्यासाठी स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ अशा बहुतेक कंपन्यांकडे आखूड नळीचं पिस्तूल मिळतं. वजन पुढे कमी ओढतं, साठ गोळ्या खांदा टिकतो. क्लबमधली दहा-बारा वर्षांची मुलं हल्ली त्यावरच सुरुवात करतात आणि ते बरोबरही आहे. पण आखूड पिस्तुलाचा एक हिशोब दुकानात कोणी सांगत नाही. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, आणि तिथून बाहेर दर ८ मिलिमीटरला एक गुण कमी. पुढची आणि मागची साईट (नेम धरायच्या खुणा) यांत ३६० मिलिमीटर अंतर असेल आणि मागची साईट ०.३ मिलिमीटर सरकली, तर गोळी साधारण ८ मिलिमीटर बाजूला जाते. हेच अंतर ३०० असेल तर १० मिलिमीटर. म्हणजे तेवढाच ढिला स्क्रू छोट्या पिस्तुलात जास्त गुण खातो. ०.३ मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. मूल म्हणतं, आज हात हलतोय, आणि कोच त्याच्या हाताकडे बघत बसतो.

नवं आहे म्हणून घट्ट असेल, हा समज आधी सोडा. नवे स्क्रू पहिल्या काही शेकडा गोळ्यांत आपली जागा धरतात. आट्यांवर कारखान्यातलं तेल असतं. विक्रेत्याने दाखवण्यासाठी ग्रिप (मूठ) काढून पुन्हा लावलेली असते. त्यात ग्रिप लाकडाची. जुलैत मुंबईच्या दमट हवेत आवळलेली अक्रोडाची ग्रिप हिवाळ्यात दिल्लीला किंवा भोपाळला नेली की लाकूड आक्रसतं, आणि कोणी हात न लावताही खालचा स्क्रू सैल होतो. त्यामुळे माझा भर जुन्या पिस्तुलांपेक्षा नव्यांवर जास्त असतो. जुन्यांच्या खोडी निदान ठाऊक असतात.

तीन आठवडे आधी एक निवांत संध्याकाळ काढा. पिस्तूल रिकामं आहे हे आधी पाहा, मग पुन्हा पाहा, हवेचं सिलिंडर उतरवा, नळीतून सेफ्टी फ्लॅगची रंगीत दोरी आरपार घाला, आणि तोंड भिंतीकडे ठेवूनच पुढचं काम. घरात लहान भावंडं असतील तर दार लावून घ्या. टेबलावर पांढरा पंचा पसरा. पडलेला बारीक स्क्रू पांढऱ्यावर दिसतो. गालिच्यावर पडला तर तो गेलाच समजा. मग अजिबात न आवळता नुसतं चाचपा. मागची साईट दोन बोटांत धरून डावीउजवीकडे ढकला. पुढच्या साईटचा स्क्रू, ट्रिगरचं पातं, पातं धरून ठेवणारा बारीक स्क्रू, तळहाताच्या टेकूचा स्क्रू, ग्रिपचा मुख्य स्क्रू, नळीखाली वजनं लावली असतील तर ती, कॉकिंग लिव्हरची (गोळीआधी पिस्तूल तयार करायच्या दांड्याची) पिन. प्रत्येक जागी हललं की नाही, एवढंच वहीत लिहा. सगळं एका दमात आवळून टाकलं तर नेमकं काय ढिलं होतं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तेच पुन्हा घडतं.

जे हललं ते कशाने धरायचं, यावर क्लबात वाद होतात. माझं मत सांगतो. आधी स्क्रू पूर्ण काढून आटे कापडाने आणि थोड्या स्पिरिटने पुसा. निम्मी दुखणी तेलाचीच असतात. कोरडा लावून पुन्हा ढिला झाला तरच लॉकटाइट, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा गोंद. त्यातही छोट्या स्क्रूंसाठी जांभळं २२२ पुरतं. निळं २४३ ग्रिपच्या मोठ्या स्क्रूला ठीक. लाल घरातच आणू नका, ते लावलेला स्क्रू उघडायला तापवावा लागतो आणि बारीक डोक्याचा स्क्रू त्यात फिरून जातो. थेंब टाचणीच्या टोकाएवढा, तोही आट्यांवर. प्लास्टिकला लागलं तर काही प्लास्टिकना तडे जातात, ओ-रिंगच्या आसपास तर नकोच. चोवीस तास तसंच ठेवा. ट्रिगर जुळवायचे जे स्क्रू आहेत, म्हणजे वजनाचा, पहिल्या टप्प्याचा, ट्रिगर जिथे थांबतो त्याचा, त्यांना मात्र यातलं काहीही लावायचं नाही. ते फिरण्यासाठीच दिलेले आहेत. ते आपोआप फिरत असतील तर पिस्तूल विक्रेत्याकडे पाठवायचं. वॉरंटी असताना घरी कारागिरी कशाला?

आवळताना अॅलन कीची लांब बाजू स्क्रूत घालायची आणि आखूड बाजू दोन बोटांनी फिरवायची. मुठीत धरून जोर लावणारे काका प्रत्येक रेंजवर असतात. त्यांच्या हाती आपलं पिस्तूल देऊ नका. अॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की नवा भाग मागवावा लागतो, आणि तो परदेशातून येईपर्यंत स्पर्धा होऊन गेलेली असते. चावीही पेटीतलीच किंवा चांगल्या प्रतीची. रस्त्यावरच्या दहा रुपयांच्या संचातली चावी स्क्रूचं षटकोनी तोंड गोल करून ठेवते.

आवळून झालं की नेलपॉलिश. स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाणारी एक बारीक रेघ ओढा, पिस्तूल काळं असेल तर पांढरी किंवा गुलाबी. उद्या रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरला, न फिरवता कळलं. प्रत्येक सरावानंतर या रेघा बघायला अर्धं मिनिट लागतं. मुलांना हे काम आवडतं, त्यांच्याकडेच द्या.

यानंतर पिस्तूल पुन्हा शून्यावर आणायचं आहे, हे बरेच पालक विसरतात. साईट आवळली म्हणजे ती सरकली, असं धरूनच चला. शक्य असेल तर मूल बसून, हात टेकवून, वीसेक गोळ्या मारू दे. ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, कुठे पडतो ते पाहा आणि मगच साईट सरकवायचे क्लिक फिरवा. ग्रुप एका जागी पण बाजूला पडला तर साईट. ग्रुपच फुटला, एक गोळी नऊला आणि पुढची सातला, तर ग्रिप किंवा ट्रिगरचं पातं पुन्हा चाचपा. पातं तिरकं हललं की बोट पिस्तुलाला बाजूला ढकलतं. हे ओळखता आलं तर कोचचे बरेच तास वाचतात. शेवटच्या आठवड्यात मात्र कुठल्याही स्क्रूला हात लावायचा नाही. फक्त रेघा बघायच्या.

ट्रिगरचं वजन वेगळं मोजा. नियमाने ते ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही, आणि हौसेने नेमकं ५००वर ठेवलेलं पिस्तूल स्प्रिंग जरा बसली की ४९५ दाखवतं. ५१० ते ५२० ठेवा. मुलाला फरक कळणारही नाही. क्लबमध्ये चाचणीचं वजन असतं; सिलिंडर लावून, कॉक करून, नळी सरळ वर धरून ते ट्रिगरच्या मध्यावर उचलून बघा, कारण तपासणीतही असंच उचलतात. पूर्ण पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं, पण कॉम्पॅक्टला ती अडचण सहसा येत नाही. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. दहा वर्षं उलटलेलं सिलिंडर वापरायचं नाही, आणि नव्या पिस्तुलासोबत कुणी स्वस्तात जुनं सिलिंडर दिलं असेल तर हे आधी बघा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बॅटरी नवी घालून जुनी चालू अवस्थेतली सोबत ठेवा.

स्पर्धेत पिस्तूल बिघडलं तर काय होतं, हे २५ जुलै २०२१ला टोकियोत सगळ्या देशाने पाहिलं. मनू भाकरच्या १० मीटर पात्रता फेरीत पिस्तुलात बिघाड झाला, ते दुरुस्त करून लेनवर परत येईपर्यंत मोलाची मिनिटं गेली, आणि घड्याळ थांबलं नाही. साठ गोळ्यांना ७५ मिनिटं, ती तेवढीच. तरी तिने ५७५ मारले. अंतिम फेरीला ५७७ लागले. ती बारावी आली. तीन वर्षांनी पॅरिसला याच प्रकारात तिने कांस्य घेतलं, हे सगळ्यांना आठवतं. मला त्या ५७५ची कमाल जास्त वाटते. ऑलिंपिकच्या पातळीवर, सोबत प्रशिक्षक आणि राखीव पिस्तूल असतानाही हे होतं. कारण राखीव पिस्तूल उचललं की ग्रिप, साईट, ट्रिगर सगळं पुन्हा नव्याने, आणि तेही चालत्या घड्याळात. आपल्या मुलाकडे तर राखीव नसतंच. असलंच तर क्लबमधल्या मित्राचं, त्याच्या हाताच्या मापाचं. तेव्हा मित्राशी आधी बोलून ठेवा आणि एक सराव त्याच्या पिस्तुलावर करून घ्या, हे उधारीचं नियोजन थोडं ओशाळवाणं वाटलं तरी.

पिशवीत काय न्यायचं ते थोडक्यात: पेटीतल्या अॅलन कीज, एक छोटा सपाट पेचकस, नेलपॉलिश, ओ-रिंग, बॅटरी, पेलेट (गोळ्या) एकाच बॅचचे, सेफ्टी फ्लॅग दोन, पांढरा पंचा, वही. विक्रेत्याने दिले असतील तर साईटचा आणि पात्याचा जादा स्क्रू, काडेपेटीत कापसावर. लॉकटाइट घरीच राहू द्या. स्पर्धेच्या दिवशी ते वाळायला वेळ नाही. विमानाने जात असाल तर सिलिंडर रिकामं करून, काढून ठेवावं लागतं, आणि कंपनीला आधीच विचारून उत्तर लेखी घेतलेलं बरं. रेल्वेने जाताना पेटी बर्थखाली चाकांच्या धडधडीत न ठेवता उशाशी ठेवा. धक्क्यांनी स्क्रू हलतात, शिवाय पेटी डोळ्यांसमोर राहते.

रेंजवर, मग ती बालेवाडी असो की वरळी, पोचल्यावर आधी रेघा बघा, मग इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या, रांगेत उभे राहा. उलट केलंत आणि तपासणीनंतर एखादा भाग बदलावा लागला तर पुन्हा रांग. तपासणीतून आलेल्या पिस्तुलाची साईट सोडून बाकी जुळवणी बदलायची नाही. साइटरच्या (गुण न धरल्या जाणाऱ्या सराव गोळ्यांच्या) १५ मिनिटांत मुलाने ग्रुप बघायचा. सरावात मध्यावर पडणारा ग्रुप इथे सलग एकाच बाजूला पडत असेल तर साईटचे क्लिक, त्यात लाजायचं काही नाही. प्रत्येक रेंजचा उजेड वेगळा असतो. क्लिक फिरवूनही गोळी भलतीकडेच जात असेल तर मात्र पिस्तूल टेबलावर ठेवून हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरला सांगायचं. दहा वर्षांच्या मुलाला हे घरी दोनदा करायला लावा. मोठ्या माणसांसमोर हात वर करायला मुलं घाबरतात आणि बिघडलेल्या पिस्तुलाने चाळीस गोळ्या मारून रडत बाहेर येतात. आईबाबांनी मागून ओरडून सांगायला परवानगी नसते.

शेवटची गोळी झाली की घाईने ग्रिप सोडवायला बसू नका. सामन्यानंतरही काही जणांना तपासणीला बोलावतात, तिथे ट्रिगर पुन्हा उचलून बघतात, आणि त्यात नापास झालं तर मारलेले गुण जातात. ती शक्यता संपेपर्यंत चावी पिशवीतच राहू द्या.