गेमपॅडवर असेटो कोर्सा: स्टिअरिंग आपल्या अंगठ्याला कसं जुळवावं

सिम रेसिंग, म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवायला लावणारे शर्यतीचे खेळ, सुरू करणाऱ्याला पहिला सल्ला ठरलेला असतो: पॅडवर काही होत नाही, आधी व्हील (टेबलाला लावायचं स्टिअरिंग चाक) घे. दुसरा सल्ला त्याहून वाईट. कुणीतरी आपल्या सेटिंग्जचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि म्हणतो, 'हेच आकडे टाक.' बऱ्या व्हील-पेडलला वीस हजारांच्या पुढे मोजावे लागतात, वर ते न हलणारं टेबल मागतं. पॅडवर नीट, वेगात आणि शर्यतभर सारख्या वेळा देत गाडी चालवता येते. मात्र आकडे उसने घेऊन हे होत नाही. प्रत्येकाचा अंगठा वेगळा, स्टिकची स्प्रिंग वेगळी.

मी इथे असेटो कोर्सा धरून सांगतो. इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनीचा हा २०१४चा खेळ साध्या मशीनवरही चालतो आणि पॅडची सगळी सेटिंग्ज हातात देतो. कंटेंट मॅनेजर (हा खेळ सुरू करायचा आणि त्याची सेटिंग्ज बदलायचा वेगळा प्रोग्राम) आधीच टाकलेला आहे असं गृहीत धरतो. बाकीच्या सिममध्ये नावं थोडी वेगळी असतील, काम तेच.

जोडणी आणि बटणं

एक्सबॉक्सचा पॅड असेल तर वायरने जोडा आणि या खेळापुरतं स्टीम इनपुट (पॅडचे सिग्नल बदलून देणारी स्टीममधली सोय) बंद करा. प्लेस्टेशनचा असेल तर खेळाला तो एक्सबॉक्सचा वाटला पाहिजे, म्हणून स्टीम इनपुट किंवा डीएसफोरविंडोज (तेच काम करणारा वेगळा प्रोग्राम) यांपैकी एक चालू ठेवा. दोन्ही एकदम चालू राहिली की एका पॅडचे दोन होतात आणि एकाच दाबात दोन गिअर पडतात.

उजवा ट्रिगर गॅस, डावा ब्रेक. गिअर बहुतेक जण ट्रिगरच्या वरच्या बटणांवर, म्हणजे बंपरवर ठेवतात; ते मला पटत नाही. त्याच बोटाने ट्रिगर दाबायचा आणि त्यानेच बंपर, म्हणजे ब्रेक लावत गिअर उतरवताना ब्रेकचा दाब हलतोच. उजवा अंगठा रिकामा असतो. एक्सबॉक्सच्या नावांनी सांगायचं तर ए बटणावर गिअर वर, एक्सवर खाली.

ऑटो क्लच चालू, ऑटो गिअर बंद, स्टॅबिलिटी कंट्रोल शून्य. एबीएस (ब्रेकने चाक लॉक होऊ न देणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (गॅसने चाक घसरू न देणारं) खऱ्या गाडीत असेल तेवढंच.

खरं काम: स्टिअरिंग

निम्मे लोक इथेच पॅड सोडतात. माझाही सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याने खाल्ला, म्हणून सावकाश सांगतो.

आधी अडचण काय आहे ते आकड्यांत बघू. अडीच मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीला १२ मीटर त्रिज्येच्या हेअरपिनमध्ये, म्हणजे उलटं फिरवणाऱ्या घट्ट वळणात, पुढची चाकं साधारण १२ अंश वळवावी लागतात. तीच गाडी ३०० मीटर त्रिज्येच्या वेगवान वळणात असेल तर नुसत्या भूमितीने अर्धा अंश पुरतो. टायरच्या घसरकोनाचे (चाकाची दिशा आणि ते खरं जातं ती दिशा यांतल्या फरकाचे) काही अंश दोन्हीकडे वर धरा, तरी फरक प्रचंड राहतो. व्हीलवाल्याला हे दोन्ही साधायला कित्येकशे अंशांचं फिरणारं चाक मिळतं. तुमच्याकडे अंगठ्याखालचे काही मिलिमीटर आहेत. शिवाय टायरची पकड एका मर्यादेपर्यंतच वाढते. त्यापुढे स्टिअरिंग जितकं जास्त द्याल तितकी गाडी सरळ पुढे घसरते. पॅडवाले 'गाडी वळतच नाही' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी गरजेपेक्षा जास्त वळवलेलं असतं.

म्हणून सुरुवात सगळं काढून टाकण्यापासून करा. डेडझोन शून्य, गॅमा १०० टक्के, स्पीड सेन्सिटिव्हिटी शून्य, फिल्टर शून्य, स्टिअरिंग स्पीड पूर्ण. गाडी अंगावर येईल, येऊ द्या. आता एक स्लायडर हलवा, चालवून बघा, मगच दुसऱ्याला हात लावा. आमटीत मीठ आणि चिंच एकदम टाकली तर बिघडलं कशाने ते सांगता येत नाही, तसंच आहे हे. गाडी आणि ट्रॅकही बदलायचा नाही. मी मूळ खेळातली बीएमडब्ल्यू झेडफोर जीटीथ्री ही शर्यतीची गाडी आणि इटलीतला मोंझा ट्रॅक घेतो. ५.७९३ किलोमीटरच्या या एकाच लॅपमध्ये तपासायचं सगळं मिळतं.

पहिला डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मधला असा भाग जिथली हालचाल खेळ मोजतच नाही. विंडोजच्या रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाकून पॅड तपासायची खिडकी उघडा आणि स्टिक हळूच सोडून बघा. खूण मधोमध स्थिर राहत असेल तर डेडझोन शून्याच्या जवळच ठेवा. ती हलत असेल तर फक्त हलणं थांबेल इतकाच वाढवा. मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुट या विंडोजच्या पॅड-प्रणालीत डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन ३२७६७ पैकी ७८४९, म्हणजे जवळजवळ २४ टक्के आहे. पळत गोळ्या झाडायच्या खेळात तो खपतो. इथे मात्र तुमच्या काही मिलिमीटरांतला पाव भाग वाया जातो, आणि तोही मधला, जिथे सरळ रेषेतल्या बारीक दुरुस्त्या व्हायच्या असतात.

दुसरा गॅमा. १०० टक्क्यांवर अर्धी स्टिक म्हणजे अर्धं स्टिअरिंग. २०० वर अर्ध्या स्टिकला पाव स्टिअरिंग. ३०० वर जेमतेम साडेबारा टक्के. मोंझाच्या मुख्य सरळ पट्ट्यावर पूर्ण वेगात या आणि गाडी एका लेनमधून शेजारच्या लेनमध्ये न्या. ती सापासारखी वळवळली तर गॅमा वाढवा. ती शांतपणे सरकली की थांबा. 'गॅमा जास्तीत जास्त ठेव, गाडी एकदम स्टेबल होते' हा सल्ला अजिबात ऐकू नका. ३०० वर मधला भाग मऊ होतो खरा, पण उरलेलं साडेसत्याऐंशी टक्के स्टिअरिंग स्टिकच्या शेवटच्या अर्ध्या भागात कोंबलं जातं. मग पहिल्या शिकेनमध्ये (लागोपाठच्या उलटसुलट घट्ट वळणांत), रेटिफिलोला, अंगठा केसभर जास्त गेला की पुढची चाकं पार आडवी होतात. मी स्वतः १५० ते २०० च्या मध्ये असतो. तुमचा आकडा वेगळा निघाला तर तुमचाच बरोबर.

तिसरी स्पीड सेन्सिटिव्हिटी. वेग वाढेल तसं स्टिअरिंगचं कमाल वळण ही कमी करते. तपासायची जागा कुर्वा ग्रांदे, मोंझाचं लांब वेगवान वळण. तिथे गॅस न सोडता स्टिक शेवटपर्यंत नेऊन बघा. टायर ओरडून गाडी बाहेर गेली तर थोडी वाढवा. पूर्ण स्टिकला टायर नुकता कुरकुरायला लागेल तिथे सोडून द्या. त्याहून वाढवण्याचा मोह फार होतो, कारण गाडी छान शहाणी वाटते. पण मागचं टोक सुटलं की उलटं स्टिअरिंगही तेवढंच कमी मिळतं. वेगात गाडी फिरायला लागलीय, तुमची स्टिक टोकाला टेकलीय आणि चाकं मात्र पुरेशी वळतच नाहीत, अशी वेळ या एका स्लायडरमुळे येते.

शेवटी फिल्टर आणि स्टिअरिंग स्पीड. फिल्टर अंगठ्याची थरथर पुसतो, पण त्याची किंमत उशिरात मोजावी लागते. स्टिअरिंग स्पीड कमी केला तरी उशीरच होतो. म्हणून दोन्हीकडून गाडी मऊ करू नका. स्पीड वर ठेवा आणि फिल्टर थोडा थोडा चढवा. याची परीक्षा मोंझाच्या अस्कारी शिकेनला: डावं, लगेच उजवं, पुन्हा डावं. अंगठा उजवीकडे गेला तरी गाडी अजून डावीकडेच निघाली असेल तर फिल्टर जास्त झाला. उलट, दिशा बदलताना गाडी झटका देऊन मागून निसटली तर थोडा हवा आहे. कॉकपिट व्ह्यूमध्ये पडद्यावरच्या चाकाकडे बघा. ते तुमच्या अंगठ्याच्या मागे किती रेंगाळतंय ते उघड दिसतं.

अंगठा

जुळवलेले स्लायडर वाया घालवणारी एक सवय असते: वळण संपलं की स्टिक सोडून देणं. स्प्रिंग ती क्षणात मध्ये फेकते, चाकं सरळ होतात आणि वजन दुसऱ्या बाजूला आदळतं. स्टिक नेताना जितकी हळू नेली तितकीच हळू परत आणायची.

स्टिक नुसती आडवी ढकलण्यापेक्षा आधी पुढे, वरच्या कडेला टेकवा आणि कडेकडेने डावी-उजवी घसरवा. स्टिअरिंगला फक्त आडवी हालचाल मोजली जाते, म्हणून गाडीला फरक पडत नाही. तुम्हाला मात्र पडतो: कडेचा पाव वर्तुळाचा मार्ग सरळ मार्गाच्या दीडपटीहून थोडा लांब असतो, आणि अंगठ्याला टेकायला प्लॅस्टिकची कड मिळते. पॅराबोलिकासारख्या लांब वळणात स्टिक एका जागी धरून ठेवायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

ब्रेक आणि बाकीचं

एबीएस नसलेल्या गाडीत सेटअपमध्ये ब्रेक पॉवर बदलता येत असेल तर ती कमी करा. पूर्ण दाबलेल्या ट्रिगरला चाकं लॉक होण्याच्या काठावर राहिली पाहिजेत. कंपन अर्ध्यापेक्षा कमी ठेवा, नाहीतर कर्बवर (वळणाच्या कडेच्या रंगीत उंचवट्यावर) अंगठाच हलतो.

कस्टम शेडर्स पॅच या खेळाच्या मॉडमधलं गेमपॅड एफएक्स आणि त्यावर चालणारं ॲडव्हान्स्ड गेमपॅड असिस्ट खरोखर चांगलं आहे. पुढचे टायर पकडीच्या टोकाजवळ राहतील असं ते स्टिअरिंग आपणहून सांभाळतं. पण पहिल्याच दिवशी ते टाकू नका. ते चालू असताना स्टिअरिंगचा ताबा स्क्रिप्टकडे जातो, त्यामुळे वर सांगितलेलं काहीच अंगठ्याला शिकायला मिळत नाही. मोंझावर सलग लॅप एकमेकांच्या जवळ पडायला लागले की खुशाल टाका आणि दोन्ही पद्धती तुलना करून बघा.

जुळलेली सेटिंग्ज कंटेंट मॅनेजरमध्ये प्रीसेट म्हणून साठवा. जीटीथ्रीसाठी एक आणि साध्या रस्त्यावरच्या गाड्यांसाठी दुसरा पुरतो. दुसरा बनवताना पहिल्याचा गॅमा तसाच ठेवून फक्त स्पीड सेन्सिटिव्हिटी आणि फिल्टर पुन्हा तपासा. स्टिकची जागा मोजणारे पोटेन्शिओमीटर वापराने झिजतात, तेव्हा सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढायला लागली की प्रीसेटला हात लावण्याआधी जॉय डॉट सीपीएल उघडा. नवा पॅड घ्यायची वेळ आलीच तर हॉल सेन्सरच्या (चुंबकाने जागा मोजणाऱ्या) स्टिकचा घ्या, त्या सेन्सरमध्ये घासून झिजणारा भाग नसतो.