जुन्या शिडाच्या नौकेच्या केबिन-खिडक्या पुन्हा जलरोधक करताना
खिडकी काढल्यावर जुन्या सीलंटचा (फटी बुजवणाऱ्या चिकट लेपाचा), विशेषतः सिलिकॉनचा, अंशही फायबरग्लासवर राहू देऊ नये, कारण त्यावर नवे काहीच नीट चिकटत नाही. ॲक्रिलिकचे, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे, तावदान ॲसिटोनने कधीही पुसू नये, त्याला बारीक तडे जातात. सौम्य साबणाचे पाणी पुरते. एक मीटर लांबीचे ॲक्रिलिक तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढल्यास सुमारे २ मिलिमीटर लांबते, म्हणून तावदानातील भोके स्क्रूपेक्षा मोठी पाडावीत आणि कडेलाही मोकळी जागा सोडावी. पॉलिसल्फाइड सीलंट या प्लास्टिकला अपाय करते. स्क्रूने बसवायच्या खिडकीसाठी ब्यूटाइल टेपच (मऊ, चिकट रबरी पट्टी) अधिक भरवशाची वाटते. स्क्रू मात्र एकदम आवळू नयेत. काही दिवसांच्या अंतराने, शक्यतो उन्हात टेप मऊ झाल्यावर, थोडे थोडे आवळावेत आणि बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाकावी.