पाणथळ जागेत सेप्टिक टाकी: आधी पाण्याची वाट ठरवा

ठाण्यात दिवा भागात किंवा घोडबंदरच्या खाडीलगतच्या पट्ट्यात वर मुरमाचा भराव आणि खाली काळा चिकट गाळ, अशी जमीन सर्रास असते. इथे टाकी बांधणं अवघड नाही. टाकीतून निघणारं पाणी जमिनीत जिरवणं अवघड आहे. त्यामुळे आधी त्या पाण्याची वाट ठरवा, टाकीचं माप नंतर. पालिकेची मलवाहिनी जवळून जात असेल, तर टाकीच्या भानगडीत न पडता तिचीच जोडणी घ्या.

जमिनीची परीक्षा मे महिन्यात घेतली तर निकाल फसवा येतो. ऑगस्टमध्ये दोन मीटर खोल खड्डा घ्या आणि पाणी कुठवर चढतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बघा. मग चर (खडी आणि भोकं असलेला पाइप घालून टाकीचं पाणी जमिनीत जिरवायची नाली) जितका खोल घेणार तितक्याच खोलीचं १० सेंमी रुंद भोक घ्या. त्याच्या बाजू खरवडून काढा, कारण अवजाराने लिंपलेली चिकणमाती पाणी आत जाऊ देत नाही. तळाला ५ सेंमी खडी टाका, त्यावर ३० सेंमी पाणी भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पाणी खडीच्या वर १५ सेंमीवर आणा आणि अर्ध्या तासात किती उतरतं ते मोजा. रात्रीत भोक कोरडं झालं असेल, तर चार तास दर अर्ध्या तासाला भरत राहा आणि शेवटचं मोजमाप धरा.

१ सेंमी किंवा जास्त उतरलं, तर शोषखड्डा किंवा चर चालतो. अर्धा ते एक सेंमी उतरलं, तर फक्त चर. त्याहूनही कमी असेल, तर ती जमीन पाणी घेणार नाही. शोषखड्ड्याला आणखी एक अट आहे: भूजल पावसाळ्यातही दोन मीटरच्या खाली हवं. खाडीकाठी ते क्वचितच मिळतं, आणि भूजलात उतरलेला शोषखड्डा म्हणजे मैल्याची विहीर. भरावातच भोक घेतलं तर निकाल छान येतो, पण पाणी खालच्या गाळावर अडतं आणि शेजाऱ्याच्या भिंतीतून पाझरतं. म्हणून भराव किती जाड आहे हे आधी खणून बघा.

भूजल वर असेल तर चर जमिनीवर उचलून घ्यायचा. जागा फक्त खरवडा, ठोकून घट्ट करू नका. त्यावर धुतलेली जाड रेती, मग खडीत १०० मिमीचा भोकं असलेला पाइप, वर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) आणि मातीवर गवत. खडीचा तळ पावसाळ्यातल्या भूजलाच्या वर किमान ६० सेंमी हवा. विहिरीपासून १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर अंतर ठेवा. इथे पंप लागतो: फ्लोट स्विच (पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारा), नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) आणि वीज गेली तरी एक दिवसाचं पाणी सामावेल अशी पंपाची टाकी.

एवढी जागा नसेल, तर टाकीच्या क्षमतेच्या एक तृतीयांश ते निम्म्या मापाचा खालून वर वाहणारा खडीचा फिल्टर जोडतात. त्यातलं पाणीही स्वच्छ नसतं, ते कुठे सोडायचं याची पालिकेकडून लेखी परवानगी घ्या. परवानगी नसेल तर पाणी बाहेर न सोडणारी बंदिस्त टाकी आणि नियमित टँकर हाच मार्ग.

दहा माणसांसाठी टाकी आतून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि १.४ मीटर पाण्याची खोली, वर ३० सेंमी मोकळं. दोन कप्पे करा, आडभिंत आत येणाऱ्या टोकापासून दोन तृतीयांशावर. येणारा पाइप जाणाऱ्यापेक्षा ५ सेंमी वर, आणि दोन्हींना टी (T आकाराचा जोड). गच्चीचं पाणी यात कधीही सोडू नका.

आता टाकी तरंगण्याचा धोका. १५ सेंमी आरसीसीची ही टाकी बाहेरून साधारण ५.४ घनमीटर भरते, म्हणजे जमिनीलगत पाणी आलं की ५.४ टन जोर वर ढकलतो. टाकीचं वजन जेमतेम तितकंच. तळाचा स्लॅब चारही बाजूंनी ३० सेंमी बाहेर काढा, त्यावरची माती टाकीला दाबून धरते. प्लॅस्टिकची २,००० लिटरची रिकामी टाकी तर जवळपास दोन टनांच्या जोराने उसळते. ती काँक्रीटच्या स्लॅबला पट्ट्यांनी बांधलीच पाहिजे. बांधकामात खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप चालू ठेवा; टाकीत पाणी भरून भोवती मातीचा भराव पूर्ण होईपर्यंत तो बंद करू नका.

वर्षातून एकदा लांब बांबूला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घाला. तळाचा गाळ आणि वरची साय मिळून निम्मी खोली व्यापत असेल, तर उपसा करा. तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, भर पावसात नाही. तळाला इंचभर गाळ राहू द्या, फिनाइलने धुऊ नका, आणि त्याच दिवशी साधं पाणी भरा. आत कोणालाही उतरवू नका: वायूने जीव जातो आणि हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने ते गुन्हाही आहे.

संडास तुंबला तर झाकण उघडून, न वाकता, लांबून पातळी बघा. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या वर चढलं असेल, तर अडचण बाहेर जाणाऱ्या पाइपात किंवा त्यापुढच्या चरात आहे आणि नुसता टँकर बोलावून ती सुटणार नाही. पातळी नेहमीची असेल, तर बहुतेकदा येणाऱ्या पाइपाची टी तुंबलेली असते. ती वरून काठीने मोकळी होते.