मुरमाच्या पट्ट्यावर पेतांक

गुडघ्यांपायी मैदान सुटलं असेल तर पेतांक खेळायला लागा, म्हणजे पोलादी गोळे एका छोट्या गोळ्याच्या जवळात जवळ टाकायचा खेळ. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेला मी, आमच्या गंगापूर रोडच्या कट्ट्यावर भेटेल त्याला हेच सांगतो. या खेळाचा जन्मच दुखण्यातून झाला. दक्षिण फ्रान्समधल्या ला सिओता गावात धावत येऊन गोळा टाकायची पद्धत होती. ज्यूल लेन्वार हा तिथला पट्टीचा खेळाडू, संधिवाताने त्याचं धावणं बंद झालं. मग जागेवर उभं राहून टाकायचा खेळ निघाला. १९१० साली त्याची पहिली स्पर्धा झाली, १९५८ मध्ये मार्सेयला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या स्पा गावात पहिली जागतिक स्पर्धा भरली.

जागा आधी बघा. स्पर्धेचा पट्टा १५ मीटर लांब, ४ मीटर रुंद असतो. सरावाला कुठलीही मुरमाड मोकळी जागा चालते. पावसाळ्यात काळ्या मातीवर जाऊ नका, गोळा रुतून बसतो.

गोळे पोलादी, आतून पोकळ, ६५० ते ८०० ग्रॅमचे. सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमधून लेथवर करून घेऊ, असं कुणीतरी सुचवतंच. तेवढ्याच आकाराचा भरीव गोळा दीड किलोच्या वर जातो, खांदा कामातून जाईल. तयार संच घ्या.

आता खेळ. जमिनीवर अर्ध्या मीटरपर्यंत व्यासाचं रिंगण आखा. त्यातून एका संघाने छोटा लाकडी गोळा ६ ते १० मीटरवर टाकायचा. आम्ही त्याला पिल्लू म्हणतो. पहिला गोळाही त्याच संघाने टाकायचा, मग दुसऱ्याने. यापुढची पाळी ज्याचा गोळा पिल्लापासून लांब आहे त्याची, आणि तो जवळ जाईपर्यंत किंवा त्याचे गोळे संपेपर्यंत त्याचीच. नवे लोक एकाआड एक टाकू लागतात. तिथे लगेच थांबवा, कारण सगळी चुरस या नियमात आहे. एकेरी-दुहेरीत प्रत्येकाला तीन गोळे, तिघांच्या संघात दोन.

टाकताना दोन्ही पाय रिंगणात हवेत आणि गोळा जमिनीला टेकेपर्यंत उचलायचे नाहीत. यात मी कुणालाही सूट देत नाही. तळहात खाली, बोटं जुळलेली, अंगठा मोकळा. हात मागे नेऊन पुढे झोका द्या आणि सुटताना मनगट किंचित उघडा. गोळा उलटा फिरत जातो आणि मुरमावर पडला की फार पळत नाही. नजर पिल्लावर नको, गोळा टेकवायचा त्या जागेवर ठेवा. वाटेतला खडा, उतार तिथूनच कळतो.

दुसऱ्याचा गोळा पिल्लाला चिकटला असेल तर तो उडवायचा. गोट्यांमध्ये नेम बसवलेल्यांना हे लवकर जमतं. बाकीच्यांनी महिनाभर जवळ टाकायचाच सराव करावा. उडवायचा मोह फार होतो, पण हुकलेला गोळा वायाच जातो.

सगळे गोळे संपले की मोजा. समोरच्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षा तुमचे जितके गोळे पिल्लाच्या जवळ, तितके गुण. १३ गुण आधी करेल तो जिंकला. अंदाजाने निकाल देऊ नका, खिशात टेप ठेवा आणि मोजून होईपर्यंत एकही गोळा उचलू देऊ नका.