पत्र्याचा रंग: कार्डावर नको, उन्हात बघा

निपाणीत माडीवर पत्रा घालताना मी हौसेनं गडद चॉकलेटी रंग घेतला. एप्रिलच्या दुपारी वर मांजरसुद्धा थांबेना. भाऊजी म्हणाले, "वहिनी, भाकरी वरच भाजा आता."

म्हणून सांगते, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंगांच्या कार्डावरून रंग ठरवू नका. दोन-तीन रंगांचे तुकडे मागून आणा, भर दुपारी अर्धा तास गच्चीवर ठेवा आणि जपून हात लावून बघा. पांढरा सगळ्यात कमी तापतो, पण शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर चकाकी मारतो. मळकट पांढरा किंवा फिकट राखाडी बरा. बिनरंगी पत्रा चकाकतो म्हणून गार राहील असं समजू नका. तो ऊन परतवतो खरा, पण एकदा तापला की उष्णता लवकर सोडत नाही.

बेळगावच्या खानापूरकडे गोष्ट वेगळी. तिथल्या पावसात शेवाळ धरून पांढरा काळवंडतो, मग गारवाही गेला. तिकडे फिकट राखाडी घ्या आणि उन्हाळ्याआधी छप्पर धुवा.

माझा चॉकलेटी पत्रा मी बदलला नाही. पत्रा धुऊन, गंज घासून, प्रायमर मारून वर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मांजर परत आलंय.