बंद गाडीत काय काय जागं असतं

काम साधं होतं. पुढच्या डाव्या चाकाचे ब्रेक पॅड बदलायचे. तेलाच्या दाबाने उचलणाऱ्या ट्रॉली जॅकवर गाडी उचलली, चाक काढलं, पॅड धरून ठेवणारा कॅलिपर सोडवायला हात घातला आणि घरात फोन वाजला. बोलणं लांबलं. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा ब्रेकची डिस्क जमिनीला टेकलेली होती. आवाज झाला नव्हता, कसला धक्काही नाही. जॅकच्या जुन्या सीलमधून तेल थोडं थोडं मागे सरकत गेलं आणि गाडी तितकीच हळू खाली बसली. फोन यायच्या आधी माझा उजवा हात कोपरापर्यंत त्याच जागेत होता.

कारखान्याच्या देखभाल विभागात मी १९ वर्षं काम केलं आहे. तिथे मशीनला हात लावायच्या आधी मेन स्विचला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली खिशात ठेवायची, हवेच्या लाइनमधला दाब सोडायचा, वर असलेला भाग खाली टेकवायचा किंवा त्याला आधार द्यायचा. मग बटण दाबून खात्री करायची की मशीन खरोखर सुरू होत नाही. नव्या मुलांना हे सगळं मीच शिकवत होते. घरी मात्र ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणून गाडीखाली आधार दिला नाही. ती चूक आजही मला बोचते आणि म्हणूनच हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

इंजिन बंद करून किल्ली काढली तरी गाडीत बरंच काही साठून राहिलेलं असतं. वर उचललेलं वजन, कूलंटमधला (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातला) दाब, इंजिनातली उष्णता, बॅटरीतला करंट, दाबून बसवलेली स्प्रिंग, पाइपमधलं पेट्रोल. पाना उचलायच्या आधी मी स्वतःला एकच विचारते: आजच्या कामात यातलं काय माझ्या वाटेत येणार आहे आणि ते आधी कसं मोकळं करायचं?

सगळ्यात जास्त वेळ वजनाला द्या, कारण इथली चूक निस्तरता येत नाही. लहानातली लहान गाडीसुद्धा शेकडो किलो भरते. जागा सपाट आणि कडक हवी. उतारावर, गवतावर, मातीवर गाडी उचलूच नका. डांबर उन्हात मऊ होतं आणि उचललेली गाडी ज्यावर टेकवतात त्या स्टँडचे पाय त्यात रुततात, म्हणून खाली जाड प्लायवूडचा तुकडा घालावा.

हॅण्डब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, की ती हलणार नाही असं आपण धरून चालतो. पण बहुतेक गाड्यांत हॅण्डब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची दोन्ही चाकं उचललीत तर हॅण्डब्रेक हवेत गेला. आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं एक पुढचं चाक उचललंत तर गिअरचा भरवसा उरत नाही. दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे वरचं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक खुशाल पुढे सरकू शकतं. तेव्हा जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. गोल दगड नको, तो चाकाबरोबर घरंगळतो.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करून घ्या. वर उचललेल्या गाडीवर अख्ख्या अंगाचा जोर लावला की गाडी डुलते.

आता जॅक. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी धरून ठेवायचं काम जॅक स्टँडचं. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक रस्त्यात स्टेपनी बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकंच काय, पायही घालू नये. स्टँड जोडीने घ्या आणि त्यावर लिहिलेली क्षमता एकाची आहे की दोघांची मिळून आहे, ते नीट वाचा. जॅक आणि स्टँड कुठे लावायचे ते गाडीच्या पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं. दाराखालच्या पट्टीवर त्यासाठी मजबूत केलेल्या जागा असतात. तिथे सोडून दुसरीकडे लावलं तर पत्रा आत जातो आणि स्टँड निसटतो. दोन्ही स्टँड एकाच उंचीवर ठेवा, खटका दात्यात पूर्ण बसला आहे ना ते बोटाने चाचपा, मग जॅक सावकाश सोडून सगळं वजन स्टँडवर येऊ द्या.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी गाडी जोरात हलवा. एकदा पुढे-मागे, एकदा आडवी. पडायचीच असेल तर आत्ता पडू दे, खाली कोणी नसताना. हलवून समाधान झालं की जॅक पुन्हा वर घेऊन नुसता टेकवून ठेवा आणि काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवा. एवढं केल्यावरही काही घसरलं तर मध्ये चाकाची जाडी राहते.

विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधीही वापरू नका. लाकूड मोडण्याआधी करकरतं, ब्लॉक काहीही न सांगता फुटतो.

एकटं असताना मी गाडीखाली जात नाही. मुलगी घरात असेल तर तिला सांगते की दर दहा मिनिटांनी हाक मार. तिला मी जॅकचा दांडा दाखवून ठेवला आहे आणि प्रत्यक्ष करूनही घेतलं आहे. गाडी अंगावर बसली तर माणसाला ओढत बसायचं नाही, आधी जॅकने गाडी उचलायची. नुसतं ‘लक्ष ठेव’ म्हणून भागत नाही.

खाली झोपण्याआधी डोळ्यांवर गॉगल चढवा, बाजूंनीही बंद असलेला. वरून गंज आणि वाळलेला चिखल थेट डोळ्यांत पडतो. रोजचा चष्मा तो अडवत नाही.

बॅटरीबद्दल दोन टोकाचे समज दिसतात: कुणाला शॉकची भीती वाटते, कुणाला ती अगदी निरुपद्रवी वाटते. १२ व्होल्टने शॉक बसत नाही हे खरं आहे. पण पाना धन टोकावर असताना त्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला लागलं, तर त्यातून शेकडो अँपिअर वाहतात. लोखंड क्षणात लाल होतं. माझ्या एका सहकाऱ्याच्या बोटावर अंगठीच्या आकाराचा भाजल्याचा वण आहे. अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातलं, सगळं काढून ठेवूनच बॉनेट उघडा. केबल सोडताना आधी ऋण, मग धन. गाडीचा सगळा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो, म्हणून ऋण आधी सोडलं की नंतर पाना पत्र्याला लागला तरी वर्तुळ पूर्ण होत नाही. जोडताना उलट, आधी धन, शेवटी ऋण.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे चार्जर बंद करूनच चिमटे काढावेत. दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट घेताना शेवटचा ऋण चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या बॅटरीवर लावू नये, तिच्यापासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर लावावा, कारण ठिणगी तिथे उडते. ॲसिड डोळ्यांत गेलं तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

गरम इंजिनच्या कूलंटचं झाकण उघडू नका, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. का, ते कळलं की विसरायला होत नाही. दाबाखाली असल्यामुळे ते पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं, दाब गेला, की ते एकदम वाफ होऊन उसळतं, थेट चेहऱ्यावर. रेडिएटरचा वरचा जाड पाइप हातात आरामात धरता येईल इतका थंड होऊ द्या. मग जाड फडकं टाकून झाकण थोडं फिरवा, फुसफुस थांबली की पूर्ण काढा. आणि रेडिएटरचा पंखा किल्ली काढलेली असतानाही बऱ्याच गाड्यांत आपोआप सुरू होतो. त्याच्या जवळ हात घालायचा असेल तर आधी बॅटरीची ऋण केबल सोडा. सांडलेला कूलंट लगेच पुसा. चव गोडसर असल्याने कुत्र्या-मांजरांना तो ओढून घेतो आणि थोडा पोटात गेला तरी जिवावर बेततं. लहान मुलांचंही तेच.

बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. दार अर्धं उघडलं आहे, पाचच मिनिटं आहेत, यातलं काही चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. इंजिन थंड असताना धुरात तो अधिक असतो, कारण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर इंजिन बंद करायलाही थांबू नका, आधी बाहेर पडा. गाडी उघड्यावर ढकलून मगच सुरू करायची, हा आमच्याकडचा नियम आहे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबची ज्योत किंवा ठिणगी गाठते. त्यामुळे इंधनाच्या पाइपचं काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करावं. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं की पाइपमधला दाब उतरतो. हाताशी पावडरचा अग्निशामक हवा, कारण पाण्याने पेट्रोलची आग पसरते. डिझेलच्या कॉमन रेल इंजिनात (ज्यात एकाच पाइपमधून सगळ्या इंजेक्टरना जबर दाबाचं डिझेल जातं) हे घरी करूच नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि सुईएवढी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर तडक रुग्णालयात जा आणि दाबाखालचं डिझेल आत गेलं आहे हे स्पष्ट सांगा.

काही कामं मी आजही गॅरेजकडेच देते. सस्पेन्शनची स्प्रिंग उतरवणं, एअरबॅगच्या पिवळ्या वायरींजवळचं काहीही, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतली नारिंगी केबल. एअरबॅगच्या सर्किटमध्ये बॅटरी काढल्यावरही काही काळ चार्ज राहतो आणि नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात.

ब्रेकची भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

काम संपलं की सुरुवात केली होती तसंच उलट्या क्रमाने. नट हाताने बसवायचे, चाक जमिनीला टेकल्यावर समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे आणि शेवटी जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यावर आणायचे. पॅड बदलले असतील तर गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचं पॅडल दाबत राहा. कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्या काही दाबांना पॅडल थेट तळाला जातं, मग हळूहळू वर येऊन घट्ट होतं. ते घट्ट झाल्यावरच मी इंजिन सुरू करते, माणसाच्या चालीने दोन-तीन मीटर पुढे नेते आणि एक हात हॅण्डब्रेकवर ठेवून पहिला ब्रेक दाबते. ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासते.