लॅक्टोजच्या आड लपलेलं पाणी

टेराहर्ट्झवर काम सुरू करणारे बहुतेक जण आधी लेझर शिकायला घेतात. मीही तेच केलं. आता विचाराल तर म्हणेन, आधी हवेतली वाफ ओळखायला शिका.

मायक्रोवेव्ह आणि अवरक्त यांच्या मधला, साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झचा हा पट्टा. १ टेराहर्ट्झची तरंगलांबी ०.३ मिलिमीटर. ट्रान्झिस्टरची सर्किटं इथवर येताना दमतात. लेझरची अडचण उलटी: इथला फोटॉन जेमतेम ४ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, तर खोलीच्या तापमानाची उष्णताच २५च्या आसपास. त्यामुळे हा पट्टा बरीच वर्षं ओस होता. कागद, कापड, प्लास्टिक यांतून या लहरी आरपार जातात, धातूवरून परततात आणि पाणी त्यांना गिळून टाकतं.

हे शेवटचं मला पाठ होतं, तरी फसलो. पॉलिथिलीनच्या भुकटीत मिसळलेल्या लॅक्टोजची गोळी मोजत होतो. लॅक्टोज ज्या वारंवारतेला लहरी शोषतं ती त्याची खूण, ०.५३ टेराहर्ट्झला. आलेखात तिथेच रुंद खड्डा दिसला, वहीत नोंद करून मी मोकळा! सोबतच्या सीनियरनं एवढंच म्हटलं, "गोळी काढून बघ." काढली. खड्डा थोडा उथळ झाला आणि किंचित सरकला, पण गेला नाही. वाफेची रेषा ०.५५७ला असते. उपकरणाच्या बंद पेटीत कोरडा नायट्रोजन भरून संदर्भमापन (तुलनेसाठी, नमुन्याविना) घेतलं होतं, मग गोळी ठेवायला पेटी उघडली आणि पुन्हा कोरडी व्हायची वाट न बघताच मोजायला बसलो.

दुसरी चूक त्याहून साधी. वेळ वाचवायला डिले स्टेजचा, म्हणजे प्रकाशाची वाट लांबवून त्याला उशीर करणाऱ्या सरकत्या मंचाचा, आरसा ३ मिलिमीटरच सरकवला होता. प्रकाश जाऊन परत येतो, म्हणजे ६ मिलिमीटरचा फरक, मोजणीला २० पिकोसेकंदांचीच खिडकी. त्यातून ५० गिगाहर्ट्झपेक्षा जवळच्या रेषा सुट्या होत नाहीत, आणि या दोघींत अंतर २७चं. आरसा १० मिलिमीटर सरकवल्यावर दोन खड्डे वेगळे उभे राहिले.

तेव्हा पहिल्या आठवड्यात नमुना ठेवूच नका. रिकामी पेटी आधी ओल्या हवेत मोजा, मग नायट्रोजन सोडून दर पाच मिनिटांनी. ०.५५७, ०.७५२ आणि १.१च्या जवळची जोडगोळी कशी विरत जाते ते डोळ्यांनी बघा. वर्गात सांगून हे अंगी लागत नाही. पेटीत आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा वहीत वेळेसकट लिहा. माझ्या त्या पानावर तो नव्हता, म्हणून अख्ख्या दिवसाची मापनं पुन्हा घ्यावी लागली.